मृत्यू : शून्य

नालुबेगानं सर्वेक्षणाचा तक्ता टेबलावर आपटला, तसा प्राध्यापक सेबुन्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. सरकारी सांख्यिकी खात्यात तिची वीस वर्षं गेली होती, आणि तिला शिकवलं होतं याच सरांनी.

"हा तुमच्या सुवर्णपदकवाल्या विद्यार्थिनीनं केलाय. अख्ख्या गावात वर्षभरात मृत्यू शून्य! या आकड्यापायी त्या गावाचा मंजूर झालेला दवाखाना रद्द झाला."

सरांनी चष्मा चढवून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "गणित चोख आहे. अख्ख्या आफ्रिकेत अशी हुशार मुलगी सापडायची नाही."

"काल मी स्वतः गेले तिथे. पहिल्याच घरामागे केळीच्या बागेत तीन ताज्या कबरी. त्यातल्या दोन एवढ्याएवढ्याशा." तिनं हातांनी माप दाखवलं. "तुमची विद्यार्थिनी फाटकातूनच उभ्याउभ्या विचारून गेली, घरात कोणी मेलंय का? कुठली आई असं फाटकात सांगेल, सर? मी त्या घरातल्या आईजवळ चटईवर बसले, तिच्याबरोबर शेंगा सोलल्या. तासाभरानं ती आपणहून बोलली."

"हे बघ, लोकांशी कसं बोलायचं, हे काय विद्यापीठानं शिकवायचं? अभ्यासक्रमात तेवढी जागाच नाही."

नालुबेगानं तक्ता उचलला. आवाज चढवण्याचीही तिला आता गरज वाटली नाही.

"जागा त्या बागेतही उरलेली नाही, सर."