दोन दगडांमधली जागा

पद्मनाभ पुण्याचा, मी बेळगावची. लग्न होऊन बंगळूरला आलो त्याला चार वर्षं झाली, तरी कन्नडमधलं साधं ‘स्वल्प’ म्हणताना त्याची जीभ अडखळते. रिक्षावाल्याशी भांडायचं ते मीच.

त्या रविवारी तो मला शहराबाहेरचं जुनं शिळावर्तुळ दाखवायला घेऊन गेला. "मीही पहिल्यांदाच बघतोय," म्हणाला.

भर दुपार होती. माळावर कमरेएवढे दगड गोलाकार उभे होते. कुणी आणि कशाला मांडले असतील? थडगी असतील, की तिथीवार मोजायची सोय? आम्ही अंदाज करत फिरलो. एका ठिकाणी मात्र दोन दगडांमधली जागा रिकामी होती.

"तिथे उभी राहा, फोटो काढतो."

मी हसत उभी राहिले. तेवढ्यात एक म्हातारी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली आणि एकेका दगडाला बोटं लावत निघाली. माझ्यापाशी आल्यावर तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती पुढच्या दगडाकडे गेली. मला गंमत वाटली. मी पद्मनाभकडे पाहिलं, तर त्याने फोन खिशात ठेवून दिला होता.

फेरी संपवून म्हातारी त्याच्यासमोर थांबली. कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, या वेळी फार दिवस लावलेस."

सवयीने मी तिचं बोलणं त्याला मराठीत सांगायला निघाले. त्याआधीच तो तिच्याच हेलात, अस्खलित कन्नडमध्ये बोलला.

"हिचा विश्वास बसायला चार वर्षं लागली, अज्जी."