हरेल तो घरी

देवघरात घंटी किणकिणली आणि टीव्हीपुढची शांतता मोडली. जंगलात तग धरण्याच्या स्पर्धेत शलाकाच्या नवऱ्याने जिवंत अळी गिळली होती. सासूबाईंनी त्याच्या विजयासाठी देवापुढे नारळ ठेवला.

"बघ, काय काय सोसतोय माझा लेक."

"हो ना," शलाका मेथी निवडत म्हणाली. "इथे आमटीत कढीपत्ता दिसला तरी ताट भिरकावायचा."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर तो लेकीच्या आठवणीने हुंदके देत होता. शलाकाला हसू आलं. ओवी तापाने फणफणली होती, तेव्हा हाच शूरवीर उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपला होता. तो गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी कुणी दचकत नव्हतं.

निवेदक गरजला, "जो हरेल, तो घरी जाईल."

देवापुढे हात जोडलेली ओवी वळली. "आई, बाबा हरला तरच घरी येणार ना? मग बाप्पाकडे काय मागू?"