शेपटीतलं सारण

"तुझ्या मुलाला सांग, शेपटीत सारण नाही," बाबा आईला म्हणाले.

तिचा मुलगा दीड हातावर उभा होता. फूड कोर्टातल्या त्याच्या कोरियन खाऊच्या गाड्याला अगदी लागून बाबांनी खुर्ची ओढून घेतली होती. हातात अर्धा खाल्लेला मासा. मासा नावालाच, माशाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात भाजलेलं पीठ आणि पोटात लाल बीन्सचं गोड सारण.

"बाबा म्हणतात, शेपटीत सारण नाही," आईने निरोप पोचवला.

"त्यांना सांग, शेपटी रिकामीच असते. कोरियात तसंच करतात."

"तो म्हणतो, कोरियात..."

"ऐकलं मी. कोरियात असेल रिकामी, म्हणावं. गिऱ्हाईक इथलं आहे."

मुलाने नोकरी सोडून गाडा टाकला, त्या दिवसापासून घरातलं सगळं बोलणं आईमार्फत चालायचं. मीठ हवं असलं तरी अर्ज आधी तिच्याकडे यायचा. ती घरातली टेलिफोन ऑपरेटर झाली होती, आणि ऑपरेटरला रजा नव्हती. आज मात्र बाबा आपणहून इथे आले होते. म्हणजे, टेबलफॅन घ्यायला बाहेर पडले होते. फॅनचं दुकान तीन रस्ते पलीकडे होतं, एवढंच.

"हात धुऊन येते," आई म्हणाली. "चिकट झालेत."

परत येताना तिला लांबूनच दिसलं. गाड्यापुढे कॉलेजच्या मुलींचा घोळका होता. मुलगा पाठमोरा उभा राहून लालभडक रश्शातले तांदळाच्या पिठाचे लांबट तुकडे ढवळत होता. त्याच्या मागच्या शेगडीवर माशांच्या साच्यातून धूर निघायला लागला होता. बाबांनी तो पाहिला होता. बस चुकलेल्या माणसासारखी मान उंच करून ते चहूकडे तिला शोधत होते. निरोप तयार होता, निरोप्या गायब.

आईचं पाऊल आपसूक उचललं गेलं. मग तिने ते परत जागेवर ठेवलं आणि ती जवळच्या खांबाआड झाली.

धूर दाट झाला. बाबा उठले. बसले. पुन्हा उठले आणि त्यांनी जोरात घसा खाकरला.

"आलोच हं, काका," मुलगा न वळता म्हणाला.

"काका कोणाला म्हणतोस? मासे करपतायत."

मुलगा वळला. दोन्ही हातांत भरलेल्या वाट्या होत्या. "कुठले?"

"डावीकडचे. तू त्या मुलींचं बघ, मी उलटतो."

"फडकं घ्या, बाबा. मूठ तापलीय."

बाबांनी फडकं घेतलं. करपलेले मासे ताटलीत काढले, साचा पुसला, नवं पीठ ओतलं. सगळं असं सावकाश, जणू गाडा त्यांचाच आणि मुलगा हाताखाली. मग सारणाचा चमचा साच्यावर धरून ते थांबले.

"कुठपर्यंत घालू?"

मुलगा वाट्या देता देता जरा घुटमळला.

"शेपटीपर्यंत घाला," तो म्हणाला.

खांबाआड आईने आपले हात उलटसुलट करून पाहिले. स्वच्छ होते. ती पुन्हा धुवायला गेली.