तिसऱ्या माणसाचा घाम

आठ महिने हेमलताने घरमालकाने बसवलेलं ते गळकं वॉशिंग मशीन कुणाला दुरुस्त करू दिलं नव्हतं. रोज कपडे हाताने पिळायची, लादी पुसायची आणि कंबर धरून बसायची. शेवटी खालच्यांच्या छताला ओल आली आणि घरमालक भडांगेंनी मेकॅनिक पाठवलाच.

"राहू द्या हो दादा, आम्हाला चालतंय."

"तुम्हाला चालतंय, खालच्यांच्या डोक्यावर गळतंय," मेकॅनिक साळुंके म्हणाला. त्याने पाइप बदलला, सेन्सरची तुटलेली वायरही जोडली आणि ट्रायलला बादलीतले कपडे आत टाकले.

मशीनने कपडे हुंगले. "घाम तीन माणसांचा आहे. भाडेकरार दोघांचा आहे. मालकांना कळवलं आहे."

पाय मोडल्यापासून लेकीकडे राहिलेली आई आतल्या कॉटवर उठून बसली. "माझी पिशवी दे गं."

"गप बस. जाणार कुठे तू?" हेमलता म्हणाली आणि पिशवी कॉटखाली सरकवली.

तेवढ्यात साळुंकेचा फोन वाजला. "तिसरं कोण राहतंय रे तिथे?" भडांगे ओरडत होते.

साळुंकेने आतल्या म्हातारीकडे पाहिलं. "कोणी नाही साहेब. माझा रुमाल पडला मशीनमध्ये."

"मला शिकवतोस? मशीन वय एकाहत्तर दाखवतंय! तू चाळिशीचा ना?"

साळुंके ओल्या लादीवरच टेकला.

"सकाळपासून हे चौदावं मशीन आहे साहेब," तो म्हणाला. "बरोबर दाखवतंय ते."