मधली मोकळी जागा

सोनुबाईंची लेक पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसली होती. "माझ्या पोरीच्या हळदीला आईचीच गाणी लावायचीत," ती म्हणाली. आई जाऊन महिना झाला होता, आणि केळुसकर सरांनी रेकॉर्ड केलेली तिची गाणी त्यांच्या संगणकाशिवाय कुठेच नव्हती.

"आधी चुकलेले तुकडे काढून टाकतो," म्हणत सरांनी ‘सोनुबाई खराब’ हे फोल्डर पुसायची आज्ञा टाइप केली. नावाला अवतरणचिन्हं द्यायची राहिली. मधली मोकळी जागा पाहून संगणकाने त्याची दोन नावं केली. ‘खराब’ असं काही सापडत नाही, एवढंच त्याने कळवलं. ‘सोनुबाई’ हे गाण्यांचं फोल्डर मात्र त्याने निमूटपणे कायमचं पुसून टाकलं होतं.

वर्षानुवर्षं सर विद्यार्थ्यांना हीच चूक टाळायला शिकवत आले होते.

"ऐकवा की एखादं," लेक म्हणाली.

 सरांनी उरलेल्या ‘सोनुबाई खराब’ फोल्डरमधला पहिला तुकडा लावला. खोकल्याची उबळ आली, मग सोनुबाईंचा ओशाळा आवाज: "चुकलं बघा सर. थांबा, परत म्हणते."

तुकडा तिथेच संपला. लेक गाणं सुरू व्हायची वाट बघत खुर्ची पुढे ओढून बसली.