विचारण्याची मुदत

“तीन दिवस,” रज्जाकभाईंनी तीन बोटं वर केली आणि मौलानांच्या चहाच्या कपापर्यंत नेली. “तोबा कर म्हणून तीन दिवस सांगायचं. मग दार बंद.”

चोपड्यात गुलाब पिंजारीच्या घरी त्या दुपारी सात माणसं जमली होती आणि नऊ मतं. विषय एकच, गुलाबचा मुलगा अकील. अकील जळगावला कॉलेजात शिकवायचा. परवा रज्जाकभाईंच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या चाचाच्या मुलीचा निकाह होता. त्याला गवाह म्हणून बसायला सांगितलं. तो मौलानांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, की माझी गवाही चालायची नाही, मी आता मुसलमान राहिलेलो नाही, दुसऱ्या कोणाला बसवा. बहिणीच्या निकाहात खोट राहू नये एवढाच त्याचा हेतू. पण मौलानांसमोरचा माइक चालू होता. अख्ख्या मांडवाने ऐकलं, जेवणाच्या पंगतीनेसुद्धा.

आता एक जण म्हणाला, धर्म सोडणाऱ्याला किताबात मौतच सांगितली आहे. त्याने ते मोबाइलवर बघितलं होतं. त्याच्याच मुलीचा अकरावीचा प्रवेश अकीलने चार चकरा मारून करून दिला होता, पण ती गोष्ट मोबाइलमध्ये नव्हती.

मौलानांनी कप खाली ठेवला. ते सावकाश बोलले. जुन्या फकीहांपैकी, म्हणजे धर्माचा कायदा सांगणाऱ्यांपैकी, बहुतेकांनी तसं लिहिलंय, हे खरं. पण त्या काळी धर्म सोडणारा बहुधा शत्रूच्या फौजेत जायचा, म्हणून ती सजा होती, असं म्हणणारे आलिमही पुष्कळ आहेत. खुद्द कुराणात या गुन्ह्याला दुनियेतली सजा नाही. दीनमध्ये जबरदस्ती नाही, असं मात्र साफ आहे. आणि हात उगारायचा हक्क इथे बसलेल्या कोणालाच नाही, हे त्यांनी मोबाइलवाल्याकडे बघत दोनदा सांगितलं.

मौत गेली. दार राहिलं. रज्जाकभाई त्यावर अडून बसले. तीन दिवसांत पोरगा वळला नाही तर गुलाबने त्याला उंबरठा चढू द्यायचा नाही, नाही तर गुलाबच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही. माना हलल्या. गुलाब बाहीला चिकटलेला कापूस एकेक तंतू करून काढत होता. गादी भरायच्या कामात त्याने आयुष्यात एवढं बारीक काम कधी केलं नसेल.

तेव्हा पडद्याआडून जैतूनबीने, अकीलच्या आईने विचारलं, की तीनच दिवस असं सगळ्यांनीच लिहिलंय का.

मौलानांनी बोटांवर मोजलं. बहुतेकांनी तीन, म्हणाले. कोणी महिना. आणि इराकातल्या कूफा शहराचे एक जुने इमाम होते, ते म्हणायचे की त्याला विचारतच राहावं. तो जिवंत आहे तोवर.

गुलाबने पहिल्यांदा मान वर केली.

“आम्हाले हाऊ इमाम चाली.”

रज्जाकभाई चिडले. इमाम काय बाजारातली वांगी आहेत का, निवडून घ्यायला? गुलाबने शांतपणे समजावलं. पोरगा जळगावला राहतो. शुक्रवारी त्याला तास नसतात. दर शुक्रवारी त्याने एसटीने यायचं, नमाजनंतर बापासमोर बसायचं, बाप विचारणार. रज्जाकभाईंनी मनात माप घेतलं. उन्हापावसात जाऊन-येऊन धक्के, वर बापासमोर खाली मान, तेही जन्मभर. ही सजा त्यांना तीन दिवसांपेक्षा भारी वाटली. त्यांनी होकार दिला. पावसाळ्यात सूट नको, एवढं बजावलं.

अकील येऊ लागला. पहिल्या शुक्रवारी तो पाठ केलेली उत्तरं घेऊन आला आणि कळण्याची भाकरी बांधून घेऊन गेला. गुलाब मशिदीत सगळ्यांच्या नंतर उठायचा. त्याची दुआ लांबत चालली होती. जैतूनबी गुरुवारीच मसाला वाटून ठेवायची. चौकात रज्जाकभाई विचारत, काय म्हणतो पोरगा? गुलाब सांगे, अजून तोबा केली नाही. रज्जाकभाई उसासा टाकत. पुढे पुढे ते खात्री करायला स्वतःच येऊ लागले, बरोबर जेवणाच्या वेळेला. हजचा ऑनलाइन फॉर्म त्यांना भरता येईना. तो अकीलने भरून दिला, फोटोसकट.

वर्ष होत आलं तशी जमातीत कुजबुज सुरू झाली. लग्नाच्या पंगतीत गुलाबच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. अकीलला ते कोणीतरी कळवलं.

त्या शुक्रवारी ताट वाढलेलं होतं. अकीलने हात लावला नाही.

“अब्बा, वरीस व्हयनं. तुम्ही एकदाबी इचारं नही. आज इचारा. मी हो म्हनसू.”

जैतूनबीची भाकरी तव्यावरच राहिली. गुलाबने विचारलं,

“मनपासून, का मन्हासाठी, बापनासाठी?”

अकीलने ताट थोडं मागे सरकवलं.

गुलाबने रश्शाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

“जेव. मन्हासाठी हो म्हनशी, तं पुढला शुक्रवारले कसाले येशी?”