खिडकीतली खुर्ची

जिंकायला अठ्ठावन्न धावा हव्या होत्या, आठ गडी हातात होते, आणि ड्रेसिंगरूममध्ये दोन तास कुणी जागचं हललं नव्हतं.

संघाचा हा जुना नियम. भागीदारी रंगायला लागली की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं, नाहीतर विकेट जाते. जलदगती गोलंदाज बिचारा एका पायात बूट घालून दारात उभा होता. व्यवस्थापक जिन्यावर अडकले होते आणि तिथूनच ओरडून धावसंख्या विचारत होते. नियमाची राखण मालीशकाकांकडे. त्यांचे हात फार मऊ होते, जीभ मात्र अजिबात नाही.

खिडकीतल्या खुर्चीवर तात्या बसला होता. पस्तिशी उलटली एवढ्याच गुन्ह्यासाठी संघाने त्याला तात्या करून टाकलं होतं. पायांना पॅड, मांडीवर ग्लोव्हज, गुडघ्यांमध्ये बॅट. पुढची विकेट पडली की त्याचा नंबर. आणि पुढची विकेट काही केल्या पडत नव्हती.

मैदानात लंबू खेळत होता. दोघे बारा वर्षांपूर्वी एकाच दिवशी या संघात आले, तेव्हापासून प्रत्येक दौऱ्यावर एकाच खोलीत राहिले. लंबूचं घोरणं तात्याला पाठ होतं. आज लंबू चौऱ्याण्णववर होता. दुसऱ्या टोकाचा फलंदाजही शहाण्यासारखा साथ देत होता.

हंगामाचा शेवटचा सामना, शेवटचा दिवस. उद्या पुढच्या वर्षीचा संघ निवडायचा होता आणि दोन जुन्यांपैकी एकालाच ठेवणार, हे चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. निवड समितीचे अध्यक्ष समोरच पांढरी टोपी घालून बसले होते. तात्याच्या गेल्या चार डावांतल्या धावा होत्या चार, अकरा, शून्य आणि सात. आज बॅट हातात आली नाही तर संपलंच सगळं. तेही एकही चेंडू न खेळता!

लंबूने एक चेंडू सीमेपार धाडला. अठ्ठ्याण्णव. खोलीतल्यांनी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. तात्यानेही वाजवल्या.

"किती झाले रे?" जिन्यावरून व्यवस्थापक ओरडले.

"चोपन्न हवेत! आणि तुम्ही वर येऊ नका!" मालीशकाका म्हणाले.

तात्याच्या तळहातांना घाम सुटला होता. तो ते पॅडला पुसत होता आणि ते पुन्हा ओले होत होते. बाकीचे भागीदारी टिकावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. हा एकटा ती तुटावी म्हणून. त्याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही मनातला धावा थांबत नव्हता.

बसण्या-उठण्याने कुठे विकेट पडतात? त्याने स्वतःलाच विचारलं. सगळा खुळेपणा. मग उठायला काय हरकत आहे?

तो उठला.

"तात्या, बस खाली," मालीशकाका दबक्या आवाजात म्हणाले.

"पाय आखडलाय, काका."

"मी चोळतो. तू बस."

तो बसला नाही. पॅड फटफटवत खोली ओलांडून कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपापाशी गेला. एका पायात बूट घातलेला गोलंदाज त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता. तात्याने ग्लास भरला. घसा कोरडा नव्हता, तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

बाहेर एकच गलका झाला. आपल्या माणसांचा नव्हे, समोरच्यांचा.

तात्याने खिडकीत ठेवलेले बॅट, हेल्मेट आणि ग्लोव्हज उचलले. मालीशकाकांनी त्याला वाट दिली, पण दर वेळी पाठीवर पडणारी त्यांची थाप आज पडली नाही.

अर्ध्या वाटेवर लंबू समोरून आला. अठ्ठ्याण्णववर पायचीत. चेहरा उतरलेला, तरी ओठांवर हसू ओढून आणलेलं.

"कोण उठलं रे?" त्याने विचारलं. बाद होऊन येणारा प्रत्येक जण गमतीने हेच विचारायचा. या वेळी दुसरं कुणाचंही नाव चाललं असतं.

"मी," तात्या म्हणाला.

लंबू थांबला. "तहान लागली होती?"

"नाही."

लंबूने मान वळवून प्रेक्षकांमधल्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं. मग तात्याच्या हेल्मेटचा सुटलेला पट्टा ओढून नीट लावला, बारा वर्षं लावत आला होता तसाच.

"त्या टोकाकडून चेंडू खाली राहतोय. मागे जाऊ नकोस, पुढे येऊन खेळ," एवढं म्हणून तो निघून गेला.

तात्याने गार्ड घेतला. पंच काहीतरी विचारत होते, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. क्षेत्ररक्षक मोजायचे म्हणून त्याने मान वर केली आणि नजर खिडकीकडेच गेली.

लंबू त्याच्या खुर्चीवर बसला होता. पॅड सोडले नव्हते, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. मालीशकाका त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून उभे होते.

गोलंदाज धावत निघाला. लंबू जागचा हलला नव्हता, त्याने ग्लासकडे हातही नेला नव्हता.